इटालियन निळी, अमेरिकन लाल

"आधी तू निवड," विनीता म्हणाली. दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या जेवणाच्या टेबलावर ठेवून ती चहा टाकायला आत गेली.

उदय किल्ल्यांकडे बघत बसला. एवढा संसार केला आणि शेवटी वाटणीला उरलं काय, तर दोन गाड्या! बालीगंजचा फ्लॅट विनीताचा, त्यावरून वादच नव्हता. भांडीकुंडी त्याला नको होती. घटस्फोटसुद्धा दोघांनी अगदी शहाण्यासारखा घेतला. शेजारच्या चॅटर्जींना पत्ता लागला नाही.

खरा प्रश्न होता लेकीचा, कादंबरीचा. ती कुणाकडे राहणार? वकीलबाई म्हणाल्या होत्या, मुलगी कळती आहे, तिलाच ठरवू द्या. पण ती तोंडातून अक्षर काढत नव्हती. उदयचा सगळा जीव त्या एका उत्तरात अडकला होता. तरी विचारायचं नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं होतं. बापाचं तोंड बघून पोर भिडेपोटी हो म्हणाली तर? छे! लेकराला असं कात्रीत धरायचं नाही.

त्यापेक्षा गाडीचं ठरवणं सोपं.

निळी इटालियन. चार दारांची स्पोर्ट्स सेडान. बढती मिळाली तेव्हा वापरलेलीच, पण मोठ्या ऐटीत घेतलेली. पळायला वारा, आणि आत बसलेल्याच्या पोटातलं पाणी हलायचं नाही. कादंबरी तिच्या मागच्या सीटवरच वाढली. तिथं झोपली, तिथं डबा सांडला, तिथंच पाढे पाठ केले.

लाल अमेरिकन. मसल कार. दोनच दारं आणि हे एवढं लांब बोनेट. सुरू केली की गल्लीतल्या खिडक्या फटाफट उघडायच्या. मागची सीट नावापुरती, दप्तर ठेवण्याएवढी. कॉलेजात असताना भिंतीवर चिकटवलेल्या चित्रातली ही गाडी त्यानं हट्टानं घेतली होती. विनीता तिला "माझी सवत" म्हणायची. आधी हसून म्हणायची, नंतर न हसता.

रविवारी बापलेकींनी मिळून दोन्ही गाड्या धुतल्या. तेव्हा कादंबरीनं विचारलं होतं, "बाबा, तू कुठला गाडी घेणार?"

"कुठली," उदय म्हणाला. "ती गाडी. कोलकात्यात जन्मलीस म्हणून काय मराठीची अशी वाट लावायची?"

"बरं, कुठली?"

"बघू."

ती फडकं पिळत राहिली. काल जेवताना पुन्हा तेच. "ठरलं का?"

"तुला गं कसली एवढी घाई!" म्हणत त्यानं तिची वेणी ओढली. एरवी ती किंचाळली असती. काल नुसतीच भात कालवत बसली.

तिचं काय चाललंय ते आपल्याला कळलंय, असं उदयला वाटत होतं. तो आता बराकपूरला राहणार होता. नदीकाठी छान जागा मिळाली होती, एक खोली जास्तीचीसुद्धा. पण शाळा इकडे बालीगंजला. तिकडून रोज लोकलनं सियालदह, तिथून पुढे बस. सियालदहच्या त्या गर्दीत धडधाकट माणसं चेंगरतात, ही तर नुसती काडी! पोरीला इथंच राहायचं असणार, आईजवळ, मैत्रिणींजवळ. बाबाला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही बिचारी.

मग तिची कोंडी आपणच फोडायला हवी. आणि ती इथं राहणार, तर शाळेला, गाण्याच्या क्लासला न्यायला धड गाडी नको का? लाल गाडीत विनीता पाऊल ठेवणार नाही. म्हणजे निळी इथंच राहायला हवी.

त्याचे डोळे भरून आले. निळी गेली म्हणजे ती मागची सीट गेली, आरशात दिसणारं ते झोपाळू तोंड गेलं. पण बापानं एवढं तरी करायलाच हवं.

विनीता चहा घेऊन आली. "ठरलं?"

"लाल."

तिचा हात कपावरच थांबला. "उदय, नीट विचार कर."

"केलाय."

"निळी तुझा जीव की प्राण आहे. तूच घे ना. माझं काही म्हणणं नाही, अगदी मनापासून सांगते."

किती समजूतदार झाली ही, आणि तेही आत्ता! उदयला तिचं नवल वाटलं. "नको. मला लालच आवडते." खोटं बोलताना त्यानं घाईनं घोट घेतला आणि जीभ पोळून घेतली.

"एकदा शेवटचं विचारते. नक्की?"

"अगं, किती वेळा सांगू? लाल! मला लालच हवी!"

हे तो मुद्दाम मोठ्यानं बोलला. आतल्या खोलीत कादंबरी होती. तिला ऐकू जावं, तिच्या मनावरचं ओझं उतरावं.

आतून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. मग हँगर एकेक करून दांडीवर अडकवल्याचा.

विनीता खुर्ची ओढून बसली. "आता शपथ सुटली माझी," ती म्हणाली.

"कसली शपथ?"

"तुला काही सांगायचं नाही, म्हणून स्वतःच्या गळ्याची शपथ घातली होती तिनं मला." विनीतानं पदर डोळ्यांना लावला. "सकाळपासून बॅग भरून बसली होती रे पोर. म्हणाली, आई, बाबानं निळी घेतली, तर त्याला मी हवी आहे. मग मी त्याच्याकडे जाणार."