मापापुरती बाई

"आणखी डावीकडे घे," फिलिओ काळ्या कापडाखालून म्हणाली.

"डावीकडे काय डावीकडे! कार्वेलासनं कॅमेरा इथंच लावला होता," लेआंद्रोस म्हणाला, आणि त्याने तिपाई डावीकडे सरकवली. बायकोशी भांडत बसलं तर ऊन निघून जातं, हे तो नेमेआच्या या झ्यूसच्या देवळापाशी येण्याआधीच शिकला होता.

स्टाथिस कार्वेलासने सत्तर वर्षांपूर्वी ग्रीसमधली पडकी देवळं एकेक करून टिपली आणि कुणाच्याही लक्षात न येता तो मरून गेला. हा अन्याय लेआंद्रोसला हल्ली झोपू देत नव्हता. त्याआधी तो कोरिंथमध्ये लग्नं आणि बारशी टिपत असे, तेव्हा झोप छान लागायची. आता तो तसाच लाकडी कॅमेरा आणि फिल्मऐवजी तशाच, फोटो हळूहळू उमटणाऱ्या मंद काचा घेऊन त्याच देवळांसमोर, त्याच जागी उभा राहत होता. पुस्तकात डाव्या पानावर जुना फोटो, उजव्या पानावर नवा. मुखपृष्ठावर दोन नावं, कार्वेलासचं आणि त्याचं स्वतःचं. लग्नाच्या हॉलबाहेर नाव कमावायची ही शेवटची संधी आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

अडचण एकच. जुन्या फोटोंच्या मूळ काचा कार्वेलासच्या मुलीकडे, आंथूलाबाईंकडे होत्या. बाई हो म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या. "आधी तू काढतोस कसे ते बघू," एवढंच बोलल्या होत्या. आज त्या सुरूच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसून अंजिरं खात होत्या.

"तुमच्या वडिलांच्या वेळी तीनच खांब उभे होते," लेआंद्रोस म्हणाला. "आता लोकांनी नऊ उभे केलेत. माझी सगळी जुळणी बिघडली."

"झ्यूसनं तुला विचारायला हवं होतं, बाळा."

बाळ पंचावन्न वर्षांचं होतं.

फिलिओ केस पिंजारलेल्या अवस्थेत कापडाखालून बाहेर आली आणि तिने काच खाचेत सरकवली. कमरेच्या दुखण्यामुळे लेआंद्रोसला वाकवत नसे, तेव्हा ती हमाली तिच्याकडे होती.

"एवढी उरस्फोड करते," ती हात पुसत म्हणाली, "पुस्तकात कुठंतरी एका कोपऱ्यात माझंही नाव येऊ दे की."

"फूटपट्टीचं नाव छापतात का कुठं?"

फिलिओ काळा झगा सावरत खांबाकडे निघाली. आंथूलाबाईंनी मात्र अंजीर खायचं थांबवून त्याच्याकडे बघितलं.

फूटपट्टीचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. कार्वेलासच्या प्रत्येक फोटोत एका खांबाच्या पायथ्याशी काळ्या कपड्यांतली एक बाई उभी असे, खांब केवढा ते कळावं म्हणून. तिचा एक हात वर असे. 'मापासाठी स्त्री', अशी ओळ लेआंद्रोसने तिच्याखाली लिहून ठेवली होती. नव्या फोटोंत तिच्या जागी फिलिओ उभी राही. तसाच काळा झगा, तसाच हात.

"ती तुमची आईच ना?" त्याने हळूच विचारलं. बाई अडून बसल्यात त्यामागे भलतंच काही प्रकरण नसावं, एवढीच त्याची इच्छा होती.

"आईच. दुसरी कोण तडमडायला जाणार होती त्या धोंड्यांत?"

"फार जीव होता त्यांचा तिच्यावर. तिच्याशिवाय एकही फोटो नाही."

"तिच्याशिवाय एकही नाही, हे खरं," म्हणत बाईंनी पुढचं अंजीर सोललं.

फिलिओ खांबापाशी पोचली. तिने आभाळाकडे बघितलं, जमिनीवरच्या सावलीकडे बघितलं आणि हात वर केला. लेआंद्रोसने भिंगावरचं झाकण काढलं. काच मंद होती, झाकण बराच वेळ काढून ठेवावं लागे. तो वेळ मोजायच्या भानगडीत पडत नसे. फिलिओचा हात अवघडून खाली आला की झाकण लावायचं, असा शिरस्ता होता. फोटो कधी बिघडत नसे. याला तो अनुभव म्हणत असे.

"तिला हात कशाला वर करायला लावलास?" बाईंनी विचारलं.

याच प्रश्नाची तो वाट बघत होता. झाकण छातीशी धरून त्याने सुरुवात केली. "बाई, तिथंच तर तुमच्या वडिलांची प्रतिभा दिसते! खांब देवाकडे निघालाय. माणूस खांबाकडे हात पसरतोय, आणि पोचत नाही. माणसाचं अपुरेपण! प्रस्तावनेत चार पानं लिहिलीत मी या हातावर."

आंथूलाबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. बाहीने डोळे पुसून झाले तेव्हा तोंडावर हसू उरलं नव्हतं.

"तिचं नाव विचारशील म्हणून थांबले होते रे मी," त्या म्हणाल्या. "चार पानं लिहिलीस, पण नाव नाही विचारलंस. बाबांना कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. जागा आई शोधायची. कापडाखाली आई शिरायची. मग खांबापाशी जाऊन ऊन बघत उभी राहायची. तिनं हात वर केला की झाकण काढायचं, खाली केला की लावायचं, एवढंच तिनं बाबांवर सोपवलं होतं."

तिकडे फिलिओने आभाळाकडे एकदा बघून हात खाली केला, आणि लेआंद्रोसने झाकण लावलं.