पाहुणचार

दिपमालानं तांब्या हातभर वर धरला आणि गेंदानं, कोणी काही न सांगता, ओंजळ पुढे केली.

पिंपळनेरच्या पलीकडच्या त्या अंगणवाडीत भातुकली रंगात आली होती. पाच वर्षांची दिपमाला घरची मालकीण. हितेंद्र आणि प्रेमराज पाहुणे. त्यांच्यापुढे तिनं प्लास्टिकचे पेले मांडून पाणी भरलं होतं. तिसरी पाहुणी गेंदा, महिन्याभरापूर्वी भिल्लांच्या वस्तीवरून यायला लागलेली. तिला मात्र पेला नाही, वरून धार. पाणी सांडू नये म्हणून दिपमाला जिभेचा शेंडा बाहेर काढून नेम धरत होती आणि गेंदा मान वाकवून निमूट पीत होती. दोघी आपापल्या कामात तरबेज.

मोबाईलवर पोरांची वजनं भरत बसलेल्या अंगणवाडीसेविका सुलक्षणाताईंचा हात थांबला. सकाळीच त्यांनी सगळ्यांना गोल बसवून, एकमेकांचे हात धरायला लावून ‘आम्ही सारे सारखे’ घोकून घेतलं होतं. पोरांना ते तोंडपाठ होतं. पाठ काय, पाढेही होतात.

“दिपमाला, गेंदाला पेला का नाही दिलास?”

“तिनी माय आमना वावरमा कामले येस ना,” दिपमाला म्हणाली. “तिले आजी असंच देस.”

भाकरी तव्यावर टाकतात हे सांगावं, इतक्या सहज तिनं ते सांगितलं. ताईंना संताप आला, पण पाच वर्षांच्या पोरीवर तो काढायचा कसा? मग त्यांनी तो दिपमालाच्या आजीच्या, इंदिराबाईंच्या खात्यावर टाकला. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन चार शब्द सुनवायचे, हेही मनात ठरलं. घरचं वळण, दुसरं काय!

खरी धास्ती निराळीच होती. गेंदाची माय पोरीला पाठवायला तयारच नव्हती. ताईंनी त्यांच्या घरी चार खेपा घातल्यावर शेवटी तिनं एकच विचारलं होतं, “तठे तिले येगळी बसाडशात का?” ताईंनी तिला शब्द दिला होता. आज पोरगी घरी जाऊन काय सांगेल, आणि उद्या येईल का, हे काही सांगता येत नव्हतं.

ताईंनी मोबाईल बाजूला ठेवला. “चला, आता घर गेंदाचं. आपण सगळे पाहुणे. मीसुद्धा.” आणि पदर खोचून त्या पोरांच्या ओळीत मांडी घालून बसल्या. दिपमाला जरा फुरंगटली, पण ताईच पाहुण्या झाल्यावर तीही शेजारी येऊन टेकली.

गेंदा उठली. मग तिनं फ्रॉकला हात पुसले, टोपलीतून आणखी एक पेला काढला, तो विसळला आणि तांब्या उचलला. हितेंद्रला दिलं. प्रेमराजला दिलं. दिपमालाचा पेला तर काठोकाठ भरून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. आता दिपमाला काय करते म्हणून ताई बघत होत्या. दिपमाला घटाघट प्यायली, बाहीनं तोंड पुसलं आणि रिकामा पेला पुढे करून म्हणाली, “आखो दे.”

ताईंचा जीव भांड्यात पडला. इतकं सोपं असतं, त्यांना वाटलं. मोठ्यांनीच घोळ घातलेला, पोरांचं काय! त्यांनी हसून हात पुढे केला. पण गेंदा तांब्या खाली ठेवून गुडघ्यांना मिठी मारून बसली होती.

“आणि मला गं? मी नाही का पाहुणी?”

गेंदानं त्यांच्याकडे नवलानं पाहिलं. एवढी मोठी बाई, आणि हिला एवढंही आठवू नये?

“तुम्ही आमना घर उनात का, माय पाणी भरी आनस,” ती समजावून सांगू लागली. “दरखेपले आनस. मंग तुम्ही म्हनतस, आत्ताच पिऊन निघाले.”

ताईंनी पुढे केलेला हात मागे घेतला.

“माय म्हने, ऱ्हाऊ दे,” गेंदा म्हणाली. “ताईसले आपला घर तहान लागत नही.”