गाळलेली ओळ

एका गेमसाठी मी नवी भाषा बनवत होतो. ती बोलणाऱ्या प्राण्यांना ओठच नव्हते. म्हणून मुळाक्षरांतली प, फ, ब, भ, म ही अख्खी ओळ मी खोडून टाकली. पाठोपाठ 'व'सुद्धा गेला.

"म्हणजे यांच्या पोरांनी बापाला हाकसुद्धा मारायची नाही?" बायको हसून म्हणाली होती. ते काल.

आज सकाळी मी वही घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो होतो. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"चहा झाला. साखर किती टाकू?"

दहा वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. पण मला खटकलं ते वेगळंच. सकाळपासूनची तिची वाक्यं मी आठवून पाहिली. "ऊठ रे." "उशीर झाला." "दार लोटून घे." एकातही ओठ मिटायची गरज नव्हती.

माझी फिरकी घेतेय, दुसरं काय!

"पमी कुठाय?" मी मुद्दाम विचारलं.

"शाळेत गेली."

"कोण गेली? नाव घे की."

कपात फिरणारा चमचा थांबला. "लेक. आणखी कोण?"

मला हसू आलं. पक्की होती. "बरं बाई, हरलो मी. आता एकदा 'बाबा' म्हण आणि संपव."

चमचा पुन्हा फिरू लागला.

मी खुर्ची मागे सारून उठलो. "इकडे बघ."

"नको रे," ती पाठमोरीच म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा, मायेचा होता. "ओरडशील."