फाटकावरचा फोटो

आमच्या गावात माणूस गेलं की त्याचा फोटो छापलेला कागद फाटकावर चिकटवतात. एकट्या राहणाऱ्या स्तामेनकाकांनी तो आपल्या विहरा घोडीसाठी चिकटवला. सगळे नको म्हणत असताना त्यांनी त्या म्हातारीला सणाच्या शर्यतीत पळवलं आणि त्याच रात्री घरी तबेल्यात ती कोसळून मेली. तिचा एकच फोटो होता, त्यात तिच्या पाठीवर काका. खालचा मजकूर कोण वाचतो? दुपारी अख्खा गाव फुलं घेऊन दारात.

दार काकांनीच उघडलं. "मी नाही, विहरा गेली," ते म्हणाले. "मीच मारली तिला."

शेजारच्या पेन्काआजींच्या मुठीत साखरेचे खडे होते.



"मेल्या, तुझ्यामागं तिचं कसं व्हायचं म्हणून तिलाच भेटायला आलो होतो आम्ही."