दुसरी रेषा

"हा ग्रंथ कुणाचंही भविष्य सांगत नाही," देवदत्त पुन्हा एकदा म्हणाला, पण त्याच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

अमेरिकेतल्या बॉथेल गावी त्यांच्या घरात रविवारी सकाळी पोह्यांच्या बशा टेबलावर तशाच पडल्या होत्या आणि मीठदाणीखाली सैन्यभरतीचा कागद होता. प्रथमेश सतरा वर्षांचा. शाळा संपली की त्याला थेट मरीन्समध्ये जायचं होतं. अठराच्या आतल्या मुलाला आईबापांच्या सह्या लागतात, आणि टीव्हीवर रोज इराक दिसत असताना त्या कागदाला हात लावायला दोघंही धजत नव्हती. पण ठाम नाही म्हटल्यापासून पोरगा घरात बोलेनासा झाला होता, जेवायलाही खाली येत नव्हता.

"मग निदान कौल तरी लावू," रेणू म्हणाली. ती कोकणातली. तिच्या माहेरी देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारत. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, आणि त्यावर मग कुणी ब्र काढायचा नाही. "इथे तसं देऊळ नाही, गुरव नाही. तुझं ते चिनी पुस्तक आहे ना?"

"रेणू, तू एका लॅबमध्ये काम करतेस."

"लॅबमध्ये माझा मुलगा जात नाहीये."

आज कसाबसा खाली आलेल्या प्रथमेशने मान वर केली. "फेअर. बुक नो म्हणालं तर मी ड्रॉप करतो. यस म्हणालं तर तुम्ही दोघं साइन करा. पण वाचणार बाबा. इंटरनेटवरचं नाही. बाबा मीनिंग कधीच ट्विस्ट करत नाही."

हे मात्र खरं होतं. देवदत्त युनिव्हर्सिटीत जुनी चिनी शिकवायचा आणि या एका ग्रंथापायी त्याचे केस पिकले होते. कुणी नुसतं विचारायचा अवकाश, तो सुरू व्हायचा. तीन हजार वर्षांपूर्वी शकुन बघणारे लोक राजांसाठी प्रश्न विचारत, लढाईला जावं का, लग्न करावं का, पीक येईल का. त्या उत्तरांचे तुकडे जमत जमत हा ग्रंथ झाला. पुढे विचारवंतांनी त्याच्यावर तत्त्वज्ञान चढवलं. सत्तरच्या दशकात एका थडग्यात रेशमावर लिहिलेली प्रत सापडली, तिच्यात प्रकरणांचा क्रमच निराळा निघाला. शब्द बिचारे तेच होते, असं तो वर्गात सांगायचा, वाचणाऱ्यांनी मात्र ज्याला जे हवं ते त्यातून काढलं. अशा वाचणाऱ्यांचा त्याला मनापासून राग होता. घरात इंग्रजी भाषांतर म्हणून ठेवायचा नाही.

आज त्याने मुकाट्याने खिशातली तीन नाणी काढली. दुसरा उपायच उरला नव्हता.

नाणी टेबलावर पडत गेली आणि प्रथमेश कागदी रुमालावर खालून वर एकेक रेषा काढत गेला. पहिली तुटक. दुसऱ्या वेळी तिन्ही नाणी सारखीच पडली. अखंड रेषा. "थ्री ऑफ अ काइंड! म्हणजे आपलं उत्तर या लाइनचं, ना?" देवदत्तने मान डोलावली. तिच्या वरच्या सगळ्या रेषा तुटक आल्या.

सहा रेषांची आकृती पुरी व्हायच्या आधीच देवदत्तने ती ओळखली होती. तिचं नाव सेना. तरी त्याने ग्रंथ उघडला, पान काढलं, चष्मा पुसला.

दुसऱ्या रेषेचं वाक्य त्याला पाठ होतं. सेनेत असलेल्याचं शुभ होतं, त्याला दोष लागत नाही, राजाही त्याचा मान करतो. इतकं सरळ वाक्य त्या अख्ख्या ग्रंथात शोधून सापडलं नसतं. त्याचं बोट त्यावर क्षणभर थांबलं, आणि मग शेजारच्या, तिसऱ्या रेषेच्या ओळीवर सरकलं.

"सेनेच्या गाडीत," तो म्हणाला, "प्रेतं भरलेली आहेत. अशुभ."

रेणूला चिनी येत नव्हती, पण बोट सरकलेलं तिने पाहिलं. ती उठून बशा गोळा करू लागली.

प्रथमेशचा चेहरा पडला. बराच वेळ तो त्या पानाकडे बघत राहिला. "यू आर शुअर?"

"हो."

"ओके. डील इज डील." त्याने मीठदाणीखालचा कागद ओढून घेतला, चुरगाळला आणि कचऱ्यात टाकला. देवदत्तचा श्वास मोकळा झाला. लाज वाटायला हवी होती, ती वाटलीही, पण सुटकेपुढे ती काहीच नव्हती.

"मार्चमध्ये मी एटीन होतो," प्रथमेश म्हणाला. "तेव्हा तुमची साइन लागणार नाही. मग मी परत विचारेन. कॉइन्स मीच टाकेन."

सिंकमध्ये बशांचा आवाज थांबला.

"आणि तेव्हा तू वाचायचं नाहीस, बाबा. तुला ते वाचायला किती हार्ड गेलं, बघितलं मी. मी तुला असं करायला लावायला नको होतं. आय ॲम सॉरी." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. मग खुर्ची ओढून तो अगदी जवळ येऊन बसला.

"मला शिकव वाचायला. मार्चपर्यंत एवढं एक पान तर येईल ना?"