दोघांपुरती जागा

मेरीलँडच्या त्या प्रयोगशाळेत उंदरांना अन्नपाणी मुबलक होतं. कमी होती ती फक्त जागा. पत्र्याच्या उघड्या हौदात नुसती दाटीवाटी झाली होती. त्या गर्दीत माद्या घरटं बांधायचंच विसरल्या होत्या. कागदाची पट्टी तोंडात धरून निघायच्या आणि वाटेतच टाकून द्यायच्या.

त्या पट्ट्या रोज गोळा करायचं काम व्हर्नाचं. नवरा गेल्यापासून तिचं ऐकून घेणारं दुसरं होतं तरी कोण?

"तुम्हाला जागा पुरत नाही रे बाबांनो," ती उंदरांना म्हणायची, "आणि माझा अर्धा पलंग ओस पडलाय."

डॉक्टर हॅस्केल हसायचे. "व्हर्नाबाई, ते आता एकमेकांचंही ऐकत नाहीत. तुमचं काय ऐकणार?"

"ऐकतात हो."

सोमवारी सकाळी ती हौदात उतरली, तर सगळे उंदीर भिंतींना चिकटून एकमेकांवर चढून बसलेले. कुणाचा जराही आवाज नाही. मधली जमीन मोकळी, आणि तिथे पट्ट्यांचं एकच घरटं. दोन माणसं मावतील एवढं.

त्यात शेजारी शेजारी दोन खळगे पडले होते. लहान खळगा कुशीवर झोपणाऱ्याचा, एक गुडघा न दुमडलेला. व्हर्नाचा डावा गुडघा कधीच दुमडत नसे.

तिचे डोळे भरून आले. एवढ्या दाटीत कोण कुणासाठी जागा करतं?

तिनं वाकून हात लावला. तिची बाजू गार होती. दुसरी ऊबदार होती.

"उपकार झाले रे," ती म्हणाली आणि तिनं बूट काढले.