नव्या मॉनिटरची तक्रार

नवा मॉनिटर वहिनी तिसऱ्याच दिवशी माझ्या दुकानात परत घेऊन आल्या.

"अहो, तेवढ्याच स्क्रीनमध्ये चौपट पिक्सेल आहेत. फोटो किती स्पष्ट दिसतात!" मी वैतागलो.

"तेच तर. जुन्यावर आमचे हे धुरकट दिसायचे, आणि त्यांनाही मी धुरकटच दिसायचे. या नव्यावर त्यांनी मला ओळखलं."

त्यांच्या संशयी नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. हसू दाबत मी मॉनिटर जोडला, त्यांनी आणलेला त्याचा फोटो उघडला.

वहिनी दाराकडे सरकल्या. फोटोतली बुबुळंही दाराकडे सरकली.

"मी दुसरं लग्न केलंय, असं काल सांगून टाकलं त्यांना," वहिनी म्हणाल्या.

"कुणाशी?"

"मॉनिटरवाल्याशी." त्या मोकळं हसल्या आणि बाहेर पडल्या.

रिझोल्यूशन उतरवून फोटो पुन्हा धुरकट करायला मी माउस पकडला, तोवर बुबुळं दारावरून माझ्यावर आली होती.